हात सुरीने जात नाही

“काही झालं तरी हाताला सुरी लावू देऊ नका.” विश्रांतवाडीत हा सल्ला फुकट मिळतो. टिंगरेनगरच्या सोसायटीत निवृत्त बँक अधिकारी तो देतात, खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हयात घालवलेले फिटर देतात, धानोरी रस्त्यावर वांगी तोलता तोलता भाजीवालीही देते. प्रत्येकापाशी पुरावा म्हणून एक नातेवाईक तयार असतो. कुणाचा मेहुणा, कुणाचे चुलतसासरे, कुणाचा गावाकडचा आत्तेभाऊ. त्याचं ऑपरेशन झालं आणि बोट वळेनासं झालं. या पुराव्याची उलटतपासणी कुणी करत नाही. बोट कशाने कापलं होतं, दवाखान्यात कितव्या दिवशी नेलं, टाके निघाल्यावर पुढे काय केलं, असं विचारलं की “ते काही माहीत नाही बुवा” म्हणतात. निकाल मात्र कायम राहतो.

या सल्ल्याशी भांडायचं तर तो निम्मा खरा आहे हे आधीच कबूल करायला हवं. तो साफ खोटा असता तर एवढा टिकलाच नसता. हाताची बरीच दुखणी सुरीवाचून बरी होतात, आणि काही सर्जनांना सुरीची घाई असते, हेही खरं. घोटाळा दुसरीकडेच आहे. दुखरं कोपर वर्षभर थांबू शकतं. कापलेला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, तीन आठवडेही धडपणे थांबत नाही. मोडलेल्या कोपराखाली रक्त अडलेला लहान मुलाचा हात तर सकाळ व्हायचीही वाट पाहत नाही. तिन्ही दुखण्यांना हा सल्ला एकच उत्तर देतो: थांबा, चोळा, बघू. या दुखण्याला थांबायला किती वेळ आहे, हा पहिला प्रश्न तो विचारतच नाही.

आधी त्याच्या बाजूचं सगळं बोलून घेऊ. २००४ साली सचिन तेंडुलकरचं कोपर दुखायला लागलं आणि ‘टेनिस एल्बो’ हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचलं. मे २००५ मध्ये लंडनला त्याचं ऑपरेशन झालं आणि २५ ऑक्टोबरला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध परतताना त्याने ९३ धावा काढल्या. ऑपरेशनवाले हा दाखला मोठ्या हौसेने देतात. त्याआधीचे विश्रांतीचे आणि व्यायामाचे कित्येक महिने ते गाळतात. तेंडुलकरची बॅट भलतीच जड होती आणि तिच्यावर त्याचा चरितार्थ होता. पोळ्या लाटून किंवा पाना फिरवून ज्यांचं कोपर दुखतं, त्यांच्यापैकी बहुतेकांना साधारण वर्षभरात आपोआप, नाहीतर व्यायामाने उतार पडतो. इथे सुरीला नकार देणारा शहाणाच. पण हाच शहाणा माणूस सुरी नको म्हणून कोपरात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतो, दुखणं उलटलं की पुन्हा घेतो, आणि आपण ऑपरेशन टाळलं म्हणून खूश असतो. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांचा अभ्यास ‘जामा’ या नियतकालिकात आला. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षाच्या आत उलटलं. नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे सुई निरुपद्रवी आणि सुरी घातक ही वाटणी कोपरापाशीच कोसळते.

मनगटाच्या हाडाबद्दलही सुरीविरोधकांना थोडे गुण द्यावे लागतील. तळहातावर पडून मनगट मोडतं, त्या मोडीचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली केलं. क्ष-किरण सापडायला अजून ऐंशी वर्षं होती. हात वाकडा दिसेल, पण कालांतराने दुखायचा थांबेल आणि नीट चालेल, असा त्यांचा अनुभव होता. आज त्याच मोडीवर प्लेट आणि स्क्रू बसवायची रीत पडली आहे. कातडी न कापता हाड जागेवर बसवता आलं अशा ४६१ रुग्णांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. महाग प्लेट आणि स्वस्त तारा यांच्यात वर्षअखेर हाताच्या कामात फरक दिसला नाही. २०२२ च्या दुसऱ्या चाचणीत, ५०० रुग्णांत, तारा आणि साधं प्लास्टर यांच्यातही वर्षअखेर फरक दिसला नाही. फक्त प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठात एकाचं हाड पुन्हा सरकलं आणि त्याला पुढे ऑपरेशन लागलं. तेव्हा सत्तरीच्या आजींना कुणी प्लेट सुचवली, तर “तारांनी भागणार नाही का, प्लास्टरने नाही का?” हे विचारायला अजिबात लाजू नये. मात्र हे प्रश्न सर्जनांनीच स्वतःला विचारले आणि मोजून उत्तरं काढली. हाडवैद्याच्या पट्टीची अशी मोजणी कुणी केली आहे?

कारण “ऑपरेशन नको” या वाक्याचा उत्तरार्ध बहुधा “आमच्या ओळखीचा एक हाडवैद्य आहे” असा असतो. पाच-सात वर्षांचं पोर झोपाळ्यावरून पडतं आणि कोपराच्या जरा वर हाड मोडतं. या वयातली ही कोपराची सगळ्यात नेहमीची मोड. त्या हाडाला चिकटूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. त्यावर लेप, बांबूच्या कामट्या आणि करकचून पट्टी बसली की आतली सूज बाहेर पसरायला जागा उरत नाही. ती आतच दाबते आणि पुढच्या हातातल्या स्नायूंचं रक्त तोडते. सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतात. मेलेला स्नायू पुढे आक्रसतो, आणि मनगट व बोटं आत वळून कायमची तशीच राहतात. रिचर्ड फोन फोल्कमान यांनी हे १८८१ साली लिहून ठेवलं. घट्ट घातलेलं हॉस्पिटलचं प्लास्टरही हेच करू शकतं, म्हणून तिथेही हीच खबरदारी घ्यायची. पोर रडायचं थांबत नसेल आणि बोट हलकेच सरळ केलं की किंचाळत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी पट्टी किंवा प्लास्टर तिथल्या तिथे सैल करून मुलाला दवाखान्यात न्यायचं. त्या रात्री सुरी आतला दाब मोकळा करते आणि हात वाचवते. सकाळी ती उशिरा आलेली असते.

आणि मालिश! मार लागलेलं कोपर कोमट तेलाने चोळून मोकळं करायचं, ही आपली दुसरी श्रद्धा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून दिघीवरून विश्रांतवाडीत येते, त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांचे पाय चेपणाऱ्यांची गर्दी असते. थकलेल्या पायाला ते चेपणं सुखाचं आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण मोडलेलं किंवा निखळलेलं कोपर चोळून वर जोराने वळवलं की आजूबाजूच्या स्नायूतच हाड धरू लागतं. मग कोपर धड पूर्ण वळत नाही, धड सरळ होत नाही. आखडलेल्या सांध्याच्या भीतीने ऑपरेशन टाळायचं आणि चोळून चोळून सांधा आखडून घ्यायचा, याला काय म्हणावं?

मनगटातल्या मुंग्यांची कथा शांतपणे घडते, म्हणून ती आणखी वाईट. मनगटाच्या पुढच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून नऊ टेंडन आणि एक मोठी मज्जातंतूची नस हातात उतरते. मधुमेहात, थायरॉइड कमी असताना, गरोदरपणात, कधी काहीच कारण नसताना तिथली जागा कमी पडते आणि नस दबते. बाई रात्री दोन-तीनदा उठून हात झटकते. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिरतात. मग घरचे मान तपासतात, पित्ताची औषधं होतात, बी-बारा इंजेक्शनांचा कोर्स होतो, दोन-तीन वर्षं निघून जातात. सुरुवातीला खरोखरच ऑपरेशन लागत नाही. रात्री मनगटाला पट्टा, थायरॉइडची गोळी, साखरेवर ताबा, फार तर एखादं इंजेक्शन. पण अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल फुगवटा सपाट व्हायला लागला, सुईत दोरा ओवता येईना, की थांबायची मुदत संपली. त्यानंतर केलेल्या ऑपरेशनने झोप परत येईल, झडलेला स्नायू परत येईलच असं नाही. ऑपरेशन म्हणाल तर तळहातावर छोटा छेद, फक्त तेवढीच जागा बधिर, आणि पाव तासाचं काम. त्या बाईचा स्नायू सुरीने नेला नाही. “कशाला एवढ्यासाठी ऑपरेशन” असं म्हणत गेलेल्या वर्षांनी नेला.

बधिरपणाबरोबर अंगावर फिकट, संवेदना नसलेला चट्टा असेल तर गोष्टच वेगळी, आणि ती महाराष्ट्रात अजून विसरायची नाही: कुष्ठरोग. त्यात कोपराजवळची नस सुजते आणि करंगळीकडची बोटं पंजासारखी वळतात. कुष्ठरुग्णाचं मांसच सडतं, त्यावर टाके टिकणार नाहीत, असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. वेल्लोरला १९४८ पासून पॉल ब्रँड यांनी चांगल्या स्नायूचा टेंडन वळवून वाकड्या बोटांना जोडायला सुरुवात केली. मांस नीट भरून येतं, बोटं झिजतात ती वेदना न कळल्यामुळे झालेल्या भाजण्या-कापण्याने, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे पुण्यात, कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात, डॉ. नोशीर अंतिया यांनी असे हात दुरुस्त केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. अंतियांकडे पुन्हा यायचंच आहे.

आता तो मेहुणा आणि त्याचं न वळणारं बोट. खरा मुद्दा इथेच आहे.

प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचं नाव आहे ते एका नाकामुळे. कावसजी हा मराठा गाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक कापलं. वर्षभराने पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकीगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी त्याच रीतीने लंडनमध्ये नाक बसवलं. ही गोष्ट अभिमानाने सांगणारे त्याच हकिगतीतला पुढचा तपशील गाळतात: टिपूने कावसजीचा एक हातही तोडला होता. नाक परत आलं. हाताचं काहीच झालं नाही, होण्यासारखं नव्हतंच. त्या कारागिराचं कौशल्य कमी नव्हतं. पण नाक जागेवर बसलं की त्याचं काम झालं. हाताला हलावं लागतं.

बोटाच्या मुळापासून मधल्या सांध्यापर्यंत, जेमतेम दीड-दोन इंचांत, दोन टेंडन एका घट्ट नळीतून एकमेकांवर सरकतात. काच फुटते, नायलॉनचा मांजा हाताला ओढ देतो, मटण कापताना सुरा घसरतो, आणि दोन्ही टेंडन तुटतात. वरून जखम लहानच दिसते. दोन टाके, टीटीचं इंजेक्शन आणि “बोट हलत नाही ते सुजेमुळे, कमी होईल” हे आश्वासन घेऊन माणूस घरी येतो. आठवड्यांमागून आठवडे जातात. तुटलेली टोकं दूर ओढली गेलेली असतात आणि रिकामी नळी आतून मिटलेली असते. मग टेंडन सरळ जोडता येत नाही. आधी सिलिकॉनची दांडी घालून वाट मोकळी ठेवायची, काही महिन्यांनी दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवायचा. एकाऐवजी दोन ऑपरेशनं, आणि फळ निम्मं. सल्लागारांच्या गोष्टीत हा भाग कधी येत नाही. त्यांची गोष्ट ऑपरेशन टेबलापासून सुरू होते.

वेळेवर जोडलं तरी काम संपत नाही. स्टर्लिंग बनेल हे अमेरिकी हस्तशल्यतज्ज्ञांचे गुरू. या दीड-दोन इंचांना त्यांनी युद्धातल्या दोन खंदकांमधल्या निर्मनुष्य पट्ट्याचं नाव दिलं आणि इथे लगेच टेंडन जोडू नये असं शिकवलं, कारण जोडलेला प्रत्येक टेंडन नळीला चिकटायचा. १९६० च्या दशकात लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी ही शिकवण मोडली. टाका सुबक होताच, पण त्यांनी बदल केला तो टाक्यानंतर: रबराच्या ओढीवर बोट पहिल्याच आठवड्यापासून हलवायला लावलं. भरणारी जखम टेंडन आणि नळी यांत भेदभाव करत नाही, दोन्ही एकत्र सांधून टाकते. बोट सहा आठवडे बांधून ठेवलं तर चिकटतं, दुसऱ्या आठवड्यात पिशवी उचलली तर टाका तुटतो. या दोहोंच्या मधून रोज ठरल्या मापाने बोट हलवत न्यायचं, स्प्लिंट घालून, साधारण सहा आठवडे. जड काम त्यानंतरही आणखी सहा आठवडे नाही. आता तर जागा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच ऑपरेशन करतात आणि टेबलावरच त्याला बोट मिटायला सांगतात. त्यासाठी भुलीच्या औषधाबरोबर रक्तस्राव थांबवणारं ॲड्रेनलिन टोचतात; ते बोटात टोचलं तर बोट मरतं, ही भीतीही कॅनडातल्या डॉन लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ३,११० रुग्णांच्या नोंदींनी खोडून काढली. एकाचंही बोट गेलं नाही.

मेहुण्याच्या बोटाचं नेमकं काय झालं, ते त्याच्या फायलीवाचून कुणी सांगू शकणार नाही. पण अशी बोटं आखडतात ती बहुतेक टाके निघाल्यावरच्या आठवड्यांत. टाके निघाले म्हणजे बरं झालं असं घरच्यांनी धरलं. फिजिओथेरपिस्ट दूर, सकाळी अकराची वेळ, प्रत्येक खेपेला पैसे, त्यात एक खाडा. “दुखतंय तर राहू दे, हलवू नको” असं आईने मायेने सांगितलं. आणि दोष लागला तो सुरीला.

“अहो, पण हा सगळा धंदा झालाय,” असं यावर हमखास म्हटलं जातं. झालाय. म्हणूनच अंतियांकडे परत यायचं. वैद्यकाच्या बाजारीकरणावर त्यांच्याइतकी कडक टीका फार थोड्या डॉक्टरांनी केली असेल. गावातल्या बाईलाच आरोग्यसेविका म्हणून शिकवावं, मोठी हॉस्पिटलं मागाहून, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी संस्था काढली. तेच अंतिया आयुष्यभर हात दुरुस्त करत राहिले. बाजाराला विरोध आणि सुरीला विरोध या दोन गोष्टी त्यांनी एक केल्या नाहीत. मुंबईतच डॉ. बी. बी. जोशी यांनी मोडलेल्या, चुरडलेल्या हातांसाठी तारा आणि बारीक सळ्यांचा बाहेरून बसवायचा सांगाडा तयार केला. ‘जेस’ या नावाने तो देशभर वापरला जातो, आणि परदेशी प्लेटच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ आहे. हाताच्या शस्त्रक्रियेत महाग असतं ते सर्जनचं शिक्षण आणि रुग्णाचा वेळ. धंदेवाल्याला या दोहोंतून फारसं काही सुटत नाही. प्लेटमधून सुटतं. संशय घ्यायचाच तर जागा बघून घ्यावा.

शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो सल्लागारांचा नाही, कामगारांचा आहे. विश्रांतवाडी, कळस, दिघीतून रोज माणसं भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर कामाला जातात. प्रेसखाली बोट गेलं की वर्कशॉपवाला म्हणतो, “बोटच गेलं ना, कापून घे, पंधरा दिवसांत ये.” हे सगळ्याच वेळी चूक असतं असं नाही. मुळाशी तुटलेलं एकटं बोट जोडण्याच्या भरीस पडू नये, असं सर्जनही कधीकधी सांगतात. पण अंगठा, एकाहून जास्त बोटं, किंवा लहान मुलाचं कुठलंही बोट असेल तर प्रयत्न करायलाच हवा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फात टाकलं की तो जोडण्यालायक राहत नाही. पहिला पूर्ण तुटलेला अंगठा १९६५ साली जपानात नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी जोडला. साठ वर्षं होऊन गेली, आणि आपल्याकडे अजून बोट रुमालात बांधून, नाहीतर न घेताच, माणूस रिक्षात बसतो.

बोटाची किंमत कायद्याला नीट माहीत आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेल्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. आणि परिशिष्टाच्या शेवटी एक टीप आहे, तिची फोटोकॉपी काढून प्रत्येक शेडच्या भिंतीवर चिकटवावी: एखादा अवयव कायमचा पूर्ण निकामी झाला तर तो गेलाच असं समजावं. म्हणजे हातावर आहे पण मुळीच चालत नाही, अशा बोटाचेही पैसे मिळतात. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, कामावरच्या अपघाताने रजेवर असलेल्याला सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. बारा आठवडे घरी बसून खायचं काय, याचं हे उत्तर आहे. पण ते कार्ड असलेल्यालाच मिळतं. महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ही योजना लागू असूनही कार्ड कामावर घेताना न देता अपघातानंतर काढलं जातं, ही तक्रार वाहन उद्योगातल्या कामगारांची बाजू मांडणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशनने आपल्या ‘क्रश्ड’ या अहवालांतून वारंवार पुढे आणली आहे.

उरला फिजिओथेरपीचा प्रश्न. हातावर पोट असलेला माणूस सकाळी अकरा वाजता ओपीडीत येऊ शकत नाही. संध्याकाळी सातला येऊ शकतो. महापालिकेच्या येरवड्यातल्या राजीव गांधी रुग्णालयात आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी सात ते नऊ, फक्त हाताच्या व्यायामासाठी एक खोली, एक फिजिओथेरपिस्ट आणि स्प्लिंट वाकवायला गरम पाण्याचं भांडं एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. या मागणीचा अर्ज येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आहे. त्यावर पहिली सही हाताला सुरी लावू नका म्हणणाऱ्यांनी करावी, आणि येताना मेहुण्याला बरोबर आणावं. त्याचं बोट किती वळतं आणि टाके निघाल्यावर तो किती वेळा व्यायामाला गेला, या दोन्ही गोष्टी अर्जात लिहायच्या आहेत.